तुमचे प्रश्न: परदेशी व्यापारात वाद झाला तर जायचं कुणाकडे?

मागच्या अंकात आयात-निर्यात, परदेशी गुंतवणूक आणि त्यातल्या भांडणांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि तुम्ही मनापासून पाठवलेत. बऱ्याच पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली, ती म्हणजे तीन वेगळ्या भांडणांची सरमिसळ. सरकार विरुद्ध सरकार हे एक, परदेशी कंपनी विरुद्ध सरकार हे दुसरं आणि कंपनी विरुद्ध कंपनी हे तिसरं. तिन्हींचे कायदे वेगळे, पंच वेगळे, मिळणारा मोबदलाही वेगळा. त्यामुळे कुठलंही पत्र हातात आलं की मी आधी एवढंच शोधतो की कोण कोणावर चिडलंय आणि त्याच्याकडे नेमका कुठला कागद आहे, बाकीची कहाणी नंतर.

प्रश्न: आम्ही मशीनचे सुटे भाग निर्यात करतो. गिऱ्हाईक देशाने आमच्या मालावरची ड्युटी अचानक वाढवली आणि दुसऱ्या एका देशाच्या मालावर मात्र जुनीच ठेवली. हा उघड भेदभाव आहे. डब्ल्यूटीओकडे (जागतिक व्यापार संघटनेकडे) तक्रार करायचा फॉर्म कुठे मिळतो?

असा फॉर्मच नाही. डब्ल्यूटीओत फिर्यादी पण सरकार आणि आरोपी पण सरकार, कंपनीला तिथे उभंच राहता येत नाही, मग ती कंपनी कितीही मोठी असो. नव्वदच्या दशकात कोडॅकला वाटलं की जपानी बाजारात फुजीमुळे आणि तिथल्या सरकारी धोरणांमुळे आपली कोंडी होतेय, तर त्यांनाही आधी अमेरिकन सरकारला पटवावं लागलं, मग अमेरिकेने जपानवर केस टाकली, आणि १९९८ मध्ये पॅनेलने, म्हणजे डब्ल्यूटीओत केस ऐकणाऱ्या पंचमंडळाने, अमेरिकेचं म्हणणं फेटाळलं. म्हणजे सरकार मागे उभं राहिलं तरी जिंकालच असं नाही.

आता भेदभावाबद्दल. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापार कराराचं पहिलंच कलम सांगतं की एका देशाच्या मालाला जी सवलत दिली ती बाकी सगळ्या सदस्यांच्या तशाच मालाला द्यायची. याला एमएफएन म्हणतात, आणि १९९५ ला डब्ल्यूटीओ आल्यावरही पाया तोच राहिला. पण याला अपवाद चिक्कार आहेत. दोन देशांत मुक्त व्यापार करार असेल तर ते एकमेकांना शून्य ड्युटी देऊ शकतात आणि तुम्हाला नाही. गरीब देशांना जादा सवलत देता येते. तुमचा माल घरच्या बाजारापेक्षा स्वस्त विकला जातोय आणि त्यामुळे तिथल्या उद्योगाचं नुकसान होतंय असं चौकशीत दाखवलं तर फक्त तुमच्या देशावर अँटी-डंपिंग ड्युटी बसते, तीही नियमात बसूनच. त्यामुळे तो दुसरा देश कुठल्या कराराने सुटला हे आधी बघा, निम्मा राग तिथेच उतरेल.

दुसरं म्हणजे ड्युटी 'वाढवली' एवढ्याने नियम मोडत नाही. प्रत्येक सदस्याने बऱ्याचशा मालांसाठी (सगळ्याच नाही) एक कमाल दर कबूल केलेला असतो, त्याला बांधील दर म्हणतात, आणि प्रत्यक्षात लावलेला दर त्याच्या खाली कुठेही असू शकतो. बांधील ४० टक्के असेल आणि काल ५ होता तो आज ३५ केला तर तुमचा धंदा बसेल पण कायदा मोडणार नाही. हे तक्ते डब्ल्यूटीओच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात, फक्त तुमचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, नीट माहीत हवा.

एवढं सगळं तपासून खरंच उल्लंघन निघालं तर तुमच्या उद्योग संघटनेमार्फत आपल्या सरकारच्या व्यापार खात्याकडे जा, भावना नकोत, आकडे न्या. आणि एक लक्षात ठेवा, तुमच्या सरकारने केस जिंकली तरी साधारणपणे पुढचा नियम सुधारतो, आधी भरलेली ड्युटी त्या निकालातून परत येत नाही. केसला वर्षं लागतात, त्यामुळे धंद्याचा प्लॅन निकालावर ठेवू नका.

प्रश्न: डब्ल्यूटीओ मेली म्हणतात ते खरं का? मग अजून केसेस कशा चालतात?

मेली नाही, पण तिचं वरचं कोर्ट बंद पडलंय. नीट समजून घ्यायला आधी ते चालायचं कसं ते सांगतो.

एका देशाने दुसऱ्याकडे आधी बोलणीची मागणी करायची, ६० दिवसांत मिटलं नाही तर पॅनेल मागायचं. गॅटच्या काळात हरणारा देश निकालाची मंजुरीच अडवू शकायचा, कारण सगळ्यांची संमती लागायची आणि सगळ्यांत तो स्वतःही आला. १९९५ ला हे उलटं केलं, म्हणजे निकाल नामंजूर करायलाच सगळ्यांची संमती हवी, आणि जिंकलेला देश ती कशाला देईल! निकाल आपोआप मंजूर व्हायला लागले. त्याबदल्यात वर अपील ठेवलं, सात जणांची अपील बॉडी, एका केसला त्यातले तिघं.

अमेरिकेचं म्हणणं असं की ही बॉडी करारात नसलेले नियम स्वतःच बनवते आणि मुदतीही पाळत नाही. तक्रारीत थोडं तथ्य होतंही, पण उपाय जो केला तो असा की नव्या नेमणुकाच अडवायच्या. एकेकाची मुदत संपत गेली, डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तोही गेला. आता गंमत बघा, अपील करायचा हक्क कायम आहे, ते ऐकणारं कुणी नाही, आणि अपील पडून असेपर्यंत पॅनेलचा निकाल मंजूर होत नाही. म्हणजे हरलात की अपील टाका आणि निवांत बसा. इंडोनेशियाने निकेलच्या निर्यातबंदीच्या केसमध्ये डिसेंबर २०२२ ला हेच केलं, स्टीलच्या ड्युटीबाबत अमेरिकेनेही हेच केलं. माझ्या मते संस्थेचं खरं नुकसान इथे झालं, कारण हरलेल्याला वेळ काढायचा अधिकृत रस्ता मिळाला.

यावर युरोपियन युनियन, चीन, ब्राझील, कॅनडा वगैरेंनी २०२० मध्ये आपसांत पर्यायी अपील लवाद उभा केला, जपान २०२३ ला आला. कोलंबियाने युरोपच्या फ्रोझन फ्राईजवर लावलेल्या ड्युटीची केस त्यात २०२२ मध्ये निकाली निघालीसुद्धा. पण तो त्यात सामील झालेल्या देशांपुरताच, आणि अमेरिका त्यात नाही.

राहिला अंमलबजावणीचा मुद्दा, तिथे पोलीस कधीच नव्हते. हरलेल्याने नियम बदलला नाही तर जिंकलेल्याला परवानगी मिळते की तू पण त्याच्या सवलती तेवढ्याच रकमेच्या काढून घे. ऐकायला बरं वाटतं, पण लहान देशाने मोठ्या देशाच्या मालावर ड्युटी लावली तर महागाई त्याच्याच घरात येते. अँटिग्वा आणि बार्बुडा हा इवलासा देश ऑनलाइन जुगाराच्या केसमध्ये अमेरिकेविरुद्ध जिंकला, ड्युटी लावून अमेरिकेला ओरखडाही उठला नसता, म्हणून लवादाने २००७ मध्ये त्याला वर्षाला २१ दशलक्ष डॉलरपर्यंत अमेरिकन कॉपीराइट-पेटंटचे हक्क बाजूला ठेवायची मुभा दिली. मागितले होते तीन अब्जांच्या वर, ते सोडा. ब्राझीलने कापसाच्या सबसिडीच्या केसमध्ये अशीच दुसऱ्या क्षेत्रातली परवानगी मिळवली आणि ती वापरायची तयारी दाखवताच अमेरिका बोलणीला बसली, २०१० पासून वर्षाला १४७.३ दशलक्ष डॉलर द्यायचं ठरलं आणि २०१४ मध्ये ३०० दशलक्ष देऊन प्रकरण मिटवलं. गंमत अशी की पैसे दिले पण सबसिडी तेव्हा लगेच थांबली नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने देशागणिक वेगवेगळे दर जाहीर केले त्याबद्दलही काहींनी विचारलंय. तसे दर एमएफएनच्या चौकटीत बसवणं अवघड आहे, पण बचावाला 'राष्ट्रीय सुरक्षा' हे कलम काढता येतं. ते कलम म्हणजे कोरा चेक नाही, असं रशिया-युक्रेनच्या ट्रान्झिट (रशियातून माल पुढे नेण्याच्या) केसमध्ये पॅनेलने २०१९ ला सांगितलंय. तरी पॅनेलने काहीही म्हटलं तरी पुढे अपील कुठे अडकतं ते वर वाचलंतच.

प्रश्न: सीआयएफ (किमतीतच विमा आणि जहाजभाडं) अटीवर माल मागवला. जहाजावर वादळात माल भिजला. सेलर म्हणतो मी जबाबदार नाही. भाडं आणि विमा त्यानेच भरला ना, मग माल पोचेपर्यंत जबाबदारी त्याचीच नाही का?

नाही, आणि यात अनुभवी लोकही फसतात. सीआयएफमध्ये खर्च एका ठिकाणी संपतो आणि जोखीम दुसऱ्या ठिकाणी. सेलरने तुमच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरायचा हे बरोबर, पण माल त्याच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम तुमची झाली. त्याने काढलेला विमा तुमच्याच फायद्यासाठी आहे, तेव्हा त्याच्याकडून पॉलिसी मागवून घ्या आणि क्लेम तिकडे लावा. फक्त एक बघा, इन्कोटर्म्स २०२० मध्ये (अशा विक्री अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) सीआयएफला किमान कव्हर पुरतं, जास्तीचं हवं असेल तर ते ऑर्डर देतानाच लिहून घ्यावं लागतं. किमान कव्हरमध्ये काय येत नाही ते आता क्लेम लावताना कळेलच. कंटेनरचा माल असेल तर पुढच्या वेळी सीआयपी या तशाच दुसऱ्या अटीचा विचार करा, त्यात कव्हर मोठं धरलेलं असतं.

प्रश्न: एलसी (बँकेची पैसे द्यायची लेखी हमी) होती, तरी बँकेने पैसे अडवले. माल एकदम चोख होता, गिऱ्हाईकसुद्धा खूश होतं.

बँक माल बघतच नाही, बँक कागद बघते. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट आहे. बिल ऑफ लेडिंगवरची (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरची) तारीख एलसीतल्या शेवटच्या तारखेनंतरची असेल, मालाचं वर्णन इनव्हॉइसमध्ये वेगळं असेल, तर बँक नाकारू शकते. पण बँकेलाही बंधन आहे, कागद दिल्यापासून जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवसांत तिने तपासून, नाकारायचं असेल तर सगळी कारणं एकाच नोटिशीत द्यायची. उशीर केला किंवा नंतर नवीन कारण काढलं तर तुमची बाजू भक्कम. तेव्हा आधी नोटिशीची तारीख बघा.

प्रश्न: परदेशी पुरवठादाराशी करार करताना वकील म्हणाले 'आर्बिट्रेशनचं (लवादाचं) कलम टाकू', आम्ही जुन्या करारातलं कॉपी-पेस्ट केलं. आता वाद झालाय आणि समोरचा म्हणतो कलमच चालत नाही. असं कसं?

कलम तुम्ही पाठवलंत ते वाचलं. त्यात लवाद 'आंतरराष्ट्रीय चेंबरच्या नियमांनी किंवा संबंधित देशाच्या कोर्टात' असं आहे. 'किंवा' मुळे घोळ. लवाद सक्तीचा की ऐच्छिक हेच कळत नाही, आणि 'संबंधित देश' कुठला ते तर देवच जाणे. करारावर सही करताना सगळे हसत असतात, शेवटच्या पानावरचं हे कलम कुणी वाचत नाही, रात्री बारा वाजता ते घुसवलं जातं आणि चार वर्षांनी दोन्हीकडचे वकील त्यावरच महिनोन् महिने घालवतात.

कलमात काय हवं ते सांगतो. कुठल्या संस्थेचे नियम ते तिच्या खऱ्या नावाने लिहा आणि त्या संस्थेचं छापील नमुना कलम असतं तेच उचला, स्वतःची हुशारी नको. लवाद एक की तीन ते लिहा, कारण तिघं म्हणजे तिघांची फी. भाषा लिहा. कराराला कुठल्या देशाचा कायदा लागू ते लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लवादाचं स्थान लिहा, ज्याला सीट म्हणतात. लोकांना वाटतं सीट म्हणजे मीटिंगची जागा, सुनावणी तर हल्ली व्हिडिओवरही होते. सीट म्हणजे निवाडा रद्द करायचा अधिकार कुठल्या देशाच्या कोर्टाला ते. तिथली कोर्टं लवादात नाक खुपसणारी असतील तर तुमचा निवाडा तिथेच वर्षानुवर्षं लटकतो.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. करारात फक्त 'अमुक देशाचा कायदा' लिहिलं आणि तो देश संयुक्त राष्ट्रांच्या १९८० च्या व्हिएन्ना विक्री कराराचा सदस्य असेल, तर तो करारही त्या कायद्याबरोबर आपोआप लागू होऊ शकतो, नको असेल तर स्पष्ट शब्दांत वगळावा लागतो. ब्रिटन आणि भारत त्यात नाहीत, पण चीन, अमेरिका, जर्मनी आहेत. त्यात एक धोक्याचं कलम आहे, माल सदोष निघाला तर वाजवी मुदतीत नेमका दोष कळवायचा, आणि काहीही झालं तरी माल ताब्यात आल्यापासून दोन वर्षांच्या आत, नाहीतर हक्क गेला. 'माल खराब आहे, बघा काय ते' असा मेसेज बऱ्याचदा पुरत नाही, काय खराब ते लिहा.

तुमच्या कलमाचं आता काय? समोरच्याला लेखी विचारा की नवीन, नीट कलमावर सही करतोस का. वाद सुरू झाल्यावरही असा करार करता येतो आणि बहुतेकदा दोघांनाही तो कोर्टापेक्षा स्वस्त पडतो. नाहीच म्हणाला तर कलमातला 'लवाद' हाच खरा हेतू होता असं धरून पुढे जाता येतं का ते त्या देशातल्या वकिलाला विचारा, बरीच कोर्टं असं कलम मारण्यापेक्षा वाचवायचा प्रयत्न करतात.

प्रश्न: मी लॉ शिकते. एखादं सरकार जनतेच्या भल्यासाठी कायदा करतं आणि परदेशी कंपनी त्याच सरकारला खाजगी लवादापुढे खेचून अब्जावधी मागते, देशी कंपनीला मात्र हा हक्क नाही. हे लोकशाहीच्या विरोधात नाही का?

तुमचा राग मला निम्मा पटतो. आधी हे आलं कुठून ते बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर नवीन स्वतंत्र झालेले देश खाणी, तेल वगैरे ताब्यात घेत होते, कंपन्यांना स्थानिक कोर्टाचा भरवसा नव्हता आणि त्यांच्या देशांची सरकारं दबाव टाकायची, कधीकाळी तर युद्धनौका पाठवायची. त्याला पर्याय म्हणून गुंतवणूक करार आले, पहिला १९५९ चा जर्मनी-पाकिस्तान. त्यात कंपनीला थेट दाव्याचा हक्क नव्हता, तो साठच्या दशकाच्या अखेरीस करारांत शिरला. १९६६ पासून जागतिक बँकेच्या छत्राखाली इक्सिड ही अशा दाव्यांसाठीची खास संस्था चालू झाली. पण लवादाची संमती सरकारनेच दिलेली असते, हे विसरून चालत नाही. सह्या करताना परदेशी पैसा येईल एवढंच बघितलं आणि करारातले शब्द ढिले ठेवले, 'न्याय्य आणि समान वागणूक' असे, ज्यात काहीही बसतं.

उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. सिगारेटच्या पाकिटांवरच्या कडक नियमांमुळे फिलिप मॉरिसने उरुग्वेवर दावा लावला, २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला आणि कंपनीला त्याच्या खर्चातले ७ दशलक्ष डॉलर भरावे लागले. ऑस्ट्रेलियात तर साध्या पाकिटांचा कायदा जाहीर झाल्यानंतर कंपनीने शेअर हाँगकाँगच्या कंपनीकडे फिरवले, फक्त हाँगकाँगचा करार वापरता यावा म्हणून, आणि लवादाने २०१५ मध्ये हा हक्काचा गैरवापर म्हणून दावा दारातच अडवला. म्हणजे कंपन्या दरवेळी जिंकत नाहीत. पण केस लढायचाच खर्च एवढा की छोटं सरकार नोटीस आल्यावरच कायदा मागे घेऊ शकतं, आणि तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा मला हाच वाटतो, निकालापेक्षा नोटिशीची भीती.

उलट बाजूही ऐका. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने कोल इंडियाविरुद्ध २००२ ला लवादाचा निवाडा मिळवला आणि त्याची वसुली भारतीय कोर्टात जवळपास नऊ वर्षं रखडली. भारत-ऑस्ट्रेलिया करारात कोर्टाच्या दिरंगाईबद्दल थेट काही नव्हतं, पण त्यातल्या एमएफएनच्या कलमातून (दुसऱ्या देशाला दिलेलं आम्हालाही द्या) भारत-कुवेत करारातलं 'परिणामकारक मार्ग' देण्याचं आश्वासन उचललं आणि २०११ मध्ये भारत हरला. एका करारात लिहिलेलं दुसऱ्यातून फिरून येतं, हे करार लिहिणाऱ्यांना तेव्हा कळलं. नंतर भारताने बरेच जुने करार संपवले आणि २०१६ च्या नव्या नमुन्यात आधी पाच वर्षं देशी मार्ग वापरायची अट टाकली. बाहेर पडूनही लगेच सुटका नसते, इटलीने ऊर्जा सनद करार २०१६ ला सोडला तरी त्यातलं २० वर्षांचं शेपूट, म्हणजे बाहेर पडल्यावरही जुन्या गुंतवणुकीला मिळणारं संरक्षण, धरून रॉकहॉपर या तेल कंपनीने २०१७ मध्ये दावा लावलाच.

परीक्षेत लिहायचं असेल तर 'रद्द करा' किंवा 'राहू द्या' असं सरसकट लिहू नका. करारातलं प्रत्येक कलम वेगळं वाचा, कारण केस त्या शब्दांवर फिरते.

प्रश्न: लवादात जिंकलो, समोरच्याने पैसे दिलेच नाहीत तर?

समोर कंपनी असेल तर १९५८ चा न्यूयॉर्क करार तुमच्या कामाचा. १७० च्या वर देश त्यात आहेत, निवाडा तिथल्या कोर्टात नेऊन वसुली मागायची, आणि कोर्टाला नाकारायची कारणं मोजकीच आहेत, म्हणजे नोटीसच दिली नव्हती, लवादाने कक्षेबाहेर जाऊन ठरवलं, सीटच्या कोर्टाने निवाडा रद्द केला, तिथल्या सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, अशी. लवादाने कायदा चुकीचा लावला हे कारण त्यात नाही.

समोर सरकार असेल तर प्रकरण अवघड. सरकारी मालमत्तेला संरक्षण असतं, दूतावास, लष्करी सामान, त्याला हात लावता येत नाही. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीने भारताविरुद्ध डिसेंबर २०२० मध्ये सुमारे १.२ अब्ज डॉलरचा निवाडा मिळवल्यावर पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्ता गोठवून घेतल्या, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये ज्यावरून वाद होता ती मागच्या तारखेने कर लावणारी तरतूद भारताने मागे घेतली, मग प्रकरण मिटलं. अर्जेंटिनाचं प्रकरण वेगळं, तो लवादाचा निवाडा नव्हता, बुडवलेल्या रोख्यांवरचा न्यूयॉर्कच्या कोर्टाचा निकाल होता, पण त्याच्या वसुलीसाठी २०१२ मध्ये एका फंडाने त्यांच्या नौदलाचं शिडाचं जहाज लिबर्ताद घानाच्या बंदरात अडकवलं होतं, डिसेंबरमध्ये सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ते सोडायला लावलं. युकोस या रशियन तेल कंपनीच्या शेअरहोल्डरांना रशियाविरुद्ध २०१४ मध्ये ५० अब्ज डॉलर मंजूर झाले, २०१६ मध्ये डच कोर्टाने ते रद्द केले आणि २०२० मध्ये वरच्या कोर्टाने परत जिवंत केले.

तेव्हा दावा टाकायच्या आधीच शोधून ठेवा की समोरच्याचे पैसे, बँक खाती, माल, येणी कुठल्या देशात आहेत आणि तो देश न्यूयॉर्क करारात आहे का. आणि दावा रकमेने लहान असेल, समोरचा अजून धंद्यात असेल, तर आधी मध्यस्थी करून बघा. तिथे समझोता झाला तर तो लवादाच्या निवाड्याच्या स्वरूपात लिहून घेता येतो का ते सही करायच्या आधी विचारा.